तालमीतला मुलगा आणि चेहऱ्यावरचे मुरुम

माझ्या मुलाच्या चेहऱ्यावर मुरुम दिसू लागले तेव्हा तो नववीत होता आणि ते खऱ्या अर्थाने आटोक्यात आले तोपर्यंत बारावीत गेला होता. एवढा काळ चेहऱ्याच्या उपचारात घालवणे पुष्कळांना अनावश्यक वाटेल. "वयात येतंय पोरगं, जातील आपोआप," हे आम्ही घरात, शेजारी आणि प्रत्येक लग्नकार्यात ऐकत आलो, आणि बऱ्याच मुलांच्या बाबतीत ते खरेही ठरते. ज्यांच्या बाबतीत ते खरे ठरले नाही त्यांच्यापैकी मी स्वतः आहे. माझ्या दोन्ही गालांवर जे खड्डे आहेत ते सोळाव्या-सतराव्या वर्षातल्या मुरुमांचे आहेत, आणि त्यांवर काही उपाय असतो हे त्या काळी आमच्या घरी कुणालाच ठाऊक नव्हते. त्यामुळे मुलाच्या जबड्याच्या कडेला पहिली कठीण, हात लावला तरी दुखणारी गाठ आली तेव्हा मी अस्वस्थ झालो. आईला किंवा वडिलांना वण राहण्याइतके मुरुम झालेले असतील, तर मुलाकडे लवकर लक्ष द्यावे, कारण मुरुमांच्या तीव्रतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, असे पुढे डॉक्टरांनी सांगितले.

आम्ही कोल्हापुरात राहतो आणि मुलगा सहावीपासून कुस्तीच्या तालमीत जातो. हे मुद्दाम सांगतो, कारण या सगळ्या उपचाराचा तालमीशी पावलोपावली संबंध आला. पहाटे जोर-बैठका, मग तांबड्या मातीच्या हौद्यात लढती, स्पर्धा जवळ आल्या की मॅटवर सराव, त्यानंतर दूध, बदाम आणि थंडाई, असा त्याचा दिवस सुरू होतो. आखाड्यातली माती तेल, ताक, हळद आणि लिंबू घालून मळलेली असते. लढताना चेहरा जोडीदाराच्या खांद्यावर, छातीवर आणि मातीत घासला जातो आणि हे सगळे घामाने ओल्या त्वचेवर होते. तालमीतल्या मोठ्या पोरांच्या पाठीवर आणि खांद्यांवर मुरुम असणे ही तिथे कुणी दखल घ्यावी अशी गोष्ट नव्हती.

सुरुवातीला घरातले उपाय झाले. माझ्या आईने चंदन उगाळले, डाळीचे पीठ आणि हळद लावून पाहिली. नातेवाइकांनी कारणे सांगितली: उष्णता झाली असेल, रक्त खराब असेल, पोट साफ होत नसेल, अंडी बंद करा. कुणी लिंबू चोळायला सांगितले, कुणी टूथपेस्ट. लिंबाने गालाची आग झाली आणि पुढे काळपट डाग पडला, तेव्हा ते आम्हीच थांबवले. आईच्या उपायांबद्दल मला आजही आदर आहे, कारण त्यांतून निदान इजा झाली नाही आणि नातवाच्या चेहऱ्यावरून रोज कुणाचा तरी प्रेमाचा हात फिरत राहिला. पण गाठी वाढत गेल्या, पाठीवर पसरल्या, आणि दहावीचे वर्ष सुरू झाल्यावर आम्ही त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचे ठरवले. फोनवरून वेळ घेताना तिथल्या ताईंनी सांगितले की चेहऱ्याला लावत असाल ते सगळे, घरातले असो की दुकानातले, पिशवीत घालून सोबत आणा.

त्या पिशवीनेच पुढची दिशा ठरवली. डॉक्टरबाईंनी टेबलावर सगळ्या वस्तू ओळीने मांडून घेतल्या. चंदनाची पूड, हळदीचे क्रीम, खरखरीत कणांचा फेसवॉश, दाढीनंतर लावायचे लोशन. मग त्यांनी मुलाला विचारले, "तालमीच्या बॅगेत काय आहे?" तो थोडा घुटमळला आणि बॅगेच्या बाजूच्या कप्प्यातून अर्धी संपलेली एक ट्यूब काढून त्याने टेबलावर ठेवली. मी ती पहिल्यांदाच पाहत होतो. डॉक्टरबाईंनी ट्यूब त्याच्याच हातात परत दिली आणि मागची बारीक अक्षरे मोठ्याने वाचायला लावली. क्लोबेटासोल प्रोपिओनेट, त्यापुढे एक प्रतिजैविक आणि एक बुरशीनाशक. "यातला पहिला शब्द पाठ कर," त्या म्हणाल्या. "हे स्टेरॉइड आहे, आणि मलमांतल्या स्टेरॉइडमध्ये सगळ्यांत जहाल."

ती ट्यूब तालमीत गजकर्णासाठी फिरत असे. पैलवानांच्या अंगाला अंग लागते, घाम असतो, लंगोट-कपडे ओले राहतात, त्यामुळे गजकर्ण तिथे पाचवीलाच पुजलेले असते, आणि अशा मिश्र मलमाने खाज दोन दिवसांत थांबते म्हणून ते लोकप्रिय आहे. एका मोठ्या मुलाने माझ्या मुलाला तेच मुरुमांवर लावायला सांगितले. पहिल्या आठवड्यात लाली गेली, गाठी बसल्या, रंगही उजळला. साहजिकच त्याने खाऊच्या पैशांतून स्वतःसाठी ट्यूब आणली आणि काही महिने रोज रात्री लावली. पुढे गाल सतत लालसर राहू लागले, उन्हात गेले की चुरचुरू लागले, आणि सगळे एकाच आकाराचे, बारीक, दाट पुरळ उठले. दोन दिवस मलम लावले नाही की चेहरा फुलून येई, म्हणून तो ते पुन्हा लावत असे. हे चक्र काय असते ते डॉक्टरबाईंनी समजावून सांगितले. स्टेरॉइड दाह दाबते, त्यामुळे मुरुम गेल्यासारखा वाटतो. पण मुरुमाचे मूळ कारण तसेच राहते, वरची त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या विस्फारतात, आणि स्टेरॉइडमुळे स्वतंत्र पुरळही येते. गजकर्णावर लावले तर बुरशी मरत नाही, उलट आतल्या आत पसरते आणि पुढे ओळखू येत नाही. अशा चेहऱ्यांचे रुग्ण इतके वाढले की देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडची मलमे शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत अशा औषधांच्या यादीत घातली. तरीही माझ्या शाळकरी मुलाला ती ट्यूब चिठ्ठीशिवाय सहज मिळाली होती. रंग उजळण्यासाठी म्हणून जी क्रीम घरोघरी लावली जातात त्यांतल्या काहींमध्येही स्टेरॉइडच असते. मुलांच्या चेहऱ्याला लागणाऱ्या प्रत्येक ट्यूबची मागची बाजू घरातल्या कुणीतरी वाचावी, अशी माझी सर्व पालकांना कळकळीची विनंती आहे. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी कोणतेही नाव दिसले, तर ते मुरुमांचे औषध नव्हे.

त्यानंतर मला थोडा वेळ बाहेर बसायला सांगून त्या मुलाशी एकट्याशी बोलल्या. काय विचारले ते त्याने नंतर आपणहून सांगितले. शरीर कमावण्यासाठी कुणी इंजेक्शन किंवा गोळ्या देते का, डब्यातली पावडर घेतोस का, झोप लागते का, आरशात पाहणे टाळतोस का, शाळेत जायची इच्छा होते का. शरीरसौष्ठवासाठी घेतल्या जाणाऱ्या इंजेक्शनांनी छाती-पाठीवर भयंकर मुरुम येतात, म्हणून तालमीतल्या मुलाला हा प्रश्न विचारणे भागच असते. इंजेक्शन तो घेत नव्हता. व्हे प्रोटीनची, म्हणजे दुधापासून काढलेल्या प्रथिनांची पावडर मात्र घेत होता. आणि आरशाच्या प्रश्नाला त्याने "हो" म्हटले होते.

मला आत बोलावल्यावर त्यांनी चिठ्ठीच्या मागे चित्र काढून मुरुम कसा होतो ते मुलालाच समजावले. त्वचेतल्या केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. वयात येताना शरीरात अँड्रोजेन नावाची संप्रेरके वाढतात, मुलींतही वाढतात, आणि त्यांच्या प्रभावाने या ग्रंथी मोठ्या होऊन जास्त तेल स्रवू लागतात. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी नीट गळून न पडता चिकटून बसतात आणि बूच तयार होते. तोंड बंद राहिले तर पांढरा दाणा दिसतो, उघडे राहिले तर काळा ठिपका. तो काळा रंग मळाचा नसतो, त्वचेतले रंगद्रव्य आणि हवेशी आलेला संबंध यांमुळे येतो, त्यामुळे घासून तो जात नाही आणि घासल्याने दाह तेवढा वाढतो. बुचामागे साचलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचे, सगळ्यांच्याच त्वचेवर राहणारे जिवाणू वाढतात, शरीर त्यांना प्रतिकार करते, आणि लाल पुटकुळी, पू, खोल गाठ या क्रमाने दाह वाढत जातो. गाठ आतल्या आत फुटली तर त्वचेचा आधारच नष्ट होतो आणि खड्डा पडतो. चेहरा अस्वच्छ ठेवल्यामुळे हे होत नाही, ही गोष्ट त्यांनी मुलाकडे पाहून दोनदा सांगितली. त्याला रोज कुणी ना कुणी "तोंड नीट धूत जा" असे सांगत असे, त्यामुळे ते ऐकून त्याला किती बरे वाटले ते मला दिसत होते.

उपचाराचा पहिला टप्पा म्हणजे ट्यूब बंद. चेहरा आधी बिघडेल, लाल होईल, आग होईल, आणि त्या दिवसांत तेच मलम लावण्याचा मोह होईल, याची कल्पना आम्हाला दिली होती. तसेच घडले. पंधरा दिवसांत त्याचा चेहरा इतका फुलला की माझ्या आईने डॉक्टर बदलायचा आग्रह धरला. या काळात सौम्य, बिनवासाचा फेसवॉश, तेलविरहित मॉइश्चरायझर आणि सकाळी जेलच्या स्वरूपातले सनस्क्रीन, इतकेच वरून लावायचे होते. पोटातून डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. हे प्रतिजैविक मुरुमांत जिवाणूंपेक्षाही दाहावर जास्त उपयोगी पडते.

या गोळीची पथ्ये तालमीच्या वेळापत्रकात बसवणे सोपे नव्हते. ती भरपूर पाण्यासोबत, बसून किंवा उभे राहून घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास आडवे व्हायचे नाही, कारण ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. दुधासोबत घ्यायची नाही, कारण दुधातल्या कॅल्शियममुळे तिचे शोषण कमी होते. ज्या घरात मुलगा तालमीतून येऊन उभ्या उभ्या तांब्याभर दूध पितो, तिथे हे पाळायचे तर गोळीची वेळच हलवावी लागते. आम्ही ती दुपारच्या जेवणानंतर ठेवली. शिवाय या गोळीने ऊन बाधते. मे महिन्यातल्या कुस्तीच्या मैदानांना तो टोपी घालून बसू लागला तेव्हा सोबतच्या मुलांनी चिडवले, पण तालमीत शिकवणाऱ्या वस्तादांना मी सगळे सांगून ठेवले होते आणि त्यांनी एका वाक्यात ते बंद केले. वस्तादांना विश्वासात घेतल्याचा पुढे फार उपयोग झाला. त्यांनी तालमीतून ती ट्यूबही हद्दपार केली आणि गजकर्ण झालेल्या मुलांना डॉक्टरकडे गेल्याशिवाय हौद्यात उतरू द्यायचे नाही असा नियम केला.

खुराकाचा प्रश्न कोल्हापुरात नाजूक असतो. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर समोर पिळलेले धारोष्ण दूध पिणारी माणसे आहोत आम्ही. पैलवानाचे दूध बंद करा म्हटल्यावर घरात भूकंपच व्हायचा. डॉक्टरबाईंनी तसे सांगितले नाही. साखर आणि मैद्याचे पदार्थ, गोड पेये यांनी रक्तातली साखर झपाट्याने वाढते, त्याने मुरुम वाढतात याला बऱ्यापैकी पुरावा आहे; दुधाचा संबंध काही अभ्यासांत आढळला आहे, पण तो सगळ्यांना लागू होत नाही; व्हे प्रोटीनने मुरुम उसळल्याचे मात्र त्या स्वतः वारंवार पाहतात, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून पावडर बंद झाली, थंडाईतली साखर कमी झाली, बाटलीतली गोड पेये गेली, आणि दूध पूर्वीपेक्षा कमी पण चालू राहिले. तेलकट आणि तिखट खाल्ल्याने मुरुम येतात हा समज त्यांनी खोडला. तांबडा रस्सा निर्दोष सुटला याचा मुलाला मनापासून आनंद झाला. तेलाच्या बाबतीत त्यांचा आक्षेप वेगळ्या ठिकाणी होता. डोक्याला चोपडलेले खोबरेल कपाळावर ओघळते आणि छिद्रे बुजवते, म्हणून तेल लावले तर ते धुऊन टाकायचे. आणि पाठीवर मुरुम असेपर्यंत पाठीला तेलाची मालिश नाही. सराव संपल्यावर लगेच अंघोळ आणि कोरडा सदरा हा नियम मात्र पक्का.

चेहऱ्याची लाली ओसरल्यावर, काही आठवड्यांनी, मुख्य औषध सुरू झाले: अ‍ॅडापलीन ०.१ टक्के आणि बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के यांचे एकत्र जेल. पहिले छिद्राचे बूच सोडवते आणि नवे होऊ देत नाही. दुसरे जिवाणू मारते, आणि प्रतिजैविकांना सरावतात तसे जिवाणू त्याला सरावत नाहीत. त्यामुळेच नुसते प्रतिजैविकाचे मलम किंवा नुसती प्रतिजैविकाची गोळी मुरुमांसाठी देऊ नये, बेंझॉइल पेरॉक्साइड सोबत असावे, आणि गोळी साधारण तीन महिन्यांत थांबवावी, असा दंडक आहे. जेल कसे लावायचे हे डॉक्टरबाईंनी दाखवले ते मला अजून दिसते. त्यांनी मुलाच्या बोटाच्या टोकावर मटारच्या दाण्याएवढे जेल घेतले, त्याचे कपाळ, दोन्ही गाल, नाक आणि हनुवटी असे पाच ठिपके दिले आणि ते पातळ पसरवायला लावले. "एवढंच? आणि सगळ्या चेहऱ्याला?" त्याने विचारले. तोपर्यंत तो फक्त फोडांवर जाड थर देत असे. जेल मुरुमावर लावायचे नसते, मुरुम जिथे येतात त्या सगळ्या भागावर लावायचे असते, कारण आज दिसणारा मुरुम काही आठवड्यांपूर्वी आत सुरू झालेला असतो आणि औषधाचे काम पुढच्या मुरुमांना अडवणे हे आहे. हा मुद्दा समजला की बाकीचा उपचार आपोआप समजतो.

पहिले दोन आठवडे एक रात्र आड लावले. तोंड धुऊन, पूर्ण कोरडे झाल्यावर; डोळे, ओठ आणि नाकपुड्यांचे कोपरे सोडून; वरून मॉइश्चरायझर. तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर कशाला, असे आम्हा सगळ्यांना वाटत असे, पण त्याच्याशिवाय त्वचा सोलवटते आणि मुलगा औषध सोडून देतो. सुरुवातीच्या आठवड्यांत मुरुम थोडे वाढलेही. बेंझॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंग खाते हे सांगूनही विसरायला होते. त्याच्या निळ्या टॉवेलवर आणि उशीच्या अभ्र्यांवर पांढरे-पिवळट पट्टे उमटले आणि पत्नीने त्याला सरळ पांढरे पंचे आणि पांढरे अभ्रे करून दिले. दाढी नुकतीच फुटू लागली होती, तिच्यासाठी वस्तऱ्याऐवजी ट्रिमर आला, कारण फोडांवरून पाते फिरले की जखम होते.

सहा ते आठ आठवडे फरक दिसत नाही, तीन महिन्यांशिवाय औषध लागू पडले की नाही हे ठरवू नये, असे आम्हाला बजावले होते. त्याचा खरा अर्थ तो काळ जगताना कळतो. सोळा वर्षांच्या मुलासाठी दोन महिने म्हणजे शाळेचे गॅदरिंग, एक लग्न, परीक्षेच्या प्रवेशपत्रावरचा फोटो. त्याने फोटो काढणे टाळायला सुरुवात केली होती. घरी पाहुणे आले की तो अभ्यासाचे निमित्त करून माडीवर जात असे. एका रात्री जेल लावताना त्याने आरशातूनच मला विचारले, "पप्पा, माझ्या गालाला पण तुमच्यासारखं राहणार काय?" मी त्याला माझ्या वेळची हकीकत सांगितली: मी फोड पिळत असे, औषध मिळाले नाही, आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी मागच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसत असे. तुझ्याकडे औषध आहे, हा आपल्या दोघांतला फरक आहे, असेही सांगितले. त्यानंतर माझी पत्नी आणि मी आमच्या सगळ्या भावाबहिणींना फोन करून सांगितले की भेटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर बोलायचे नाही, सल्लाही द्यायचा नाही, सुधारणा दिसली तरी उल्लेख करायचा नाही. काहींना ते आवडले नाही. पण दिवाळीत तो खाली येऊन सगळ्यांसोबत फराळाला बसला.

तीन महिन्यांनी कपाळ आणि नाक जवळजवळ स्वच्छ झाले. जबड्याच्या कडा आणि पाठ यांवर मात्र खोल गाठी येतच राहिल्या, आणि उजव्या गालावर दोन बारीक खड्डे पडले. डॉक्टरबाईंनी बोट फिरवून ते पाहिले आणि आता थांबायला नको असे म्हणाल्या. खड्डे पडू लागले, घरात त्याचा इतिहास असला आणि गोळी व जेल यांनी गाठी थांबल्या नाहीत, तर आयसोट्रेटिनॉइन द्यावे असा वैद्यकीय संकेत आहे. हे 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातले औषध १९८२ पासून वापरात आहे आणि तेलग्रंथीच आक्रसवून टाकते. मुरुमांच्या मुळाशी इतक्या खोलवर जाणारे दुसरे औषध नाही. त्याची धास्ती पुष्कळ आहे आणि काही अंशी ती रास्त आहे, म्हणून आम्ही सविस्तर विचारून घेतले.

औषधाची मात्रा वजनावर ठरते, साधारण किलोमागे दिवसाला अर्धा ते एक मिलिग्रॅम, आणि पूर्ण उपचाराची एकूण मात्रा किलोमागे १२० ते १५० मिलिग्रॅम असते. साठ किलोच्या मुलाला रोज ३० मिलिग्रॅम दिले तर किमान एकूण मात्रा पुरी व्हायला आठ महिने लागतात. डॉक्सिसायक्लिन आधी बंद झाले, कारण ही दोन औषधे एकत्र घेतली तर मेंदूभोवतीचा दाब वाढण्याचा धोका असतो. जेलही थांबले. सुरू करण्यापूर्वी आणि नंतर काही काळाने रक्ताच्या तपासण्या झाल्या, कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइड आणि यकृताच्या. इथे तालमीचा आणखी एक धडा मिळाला. जड मेहनतीने स्नायूंतली काही द्रव्ये रक्तात वाढतात आणि यकृताचा अहवाल बिघडल्यासारखा दिसतो, म्हणून रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस जोर-बैठका बंद ठेवायच्या असतात. कॅप्सूल स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणासोबत घ्यायची, तरच ती नीट शोषली जाते. रात्रीच्या जेवणातली तुपाची धार या निमित्ताने सन्मानाने टिकून राहिली.

ओठ कोरडे पडणे हा परिणाम जवळजवळ प्रत्येकाला होतो. व्हॅसलीनची डबी त्याच्या खिशात, दप्तरात आणि उशाशी असे. कधी नाकाचा घोळणा फुटे, डोळे चुरचुरत, अंग लवकर दुखे. त्वचा नाजूक झाल्यामुळे मॅटवर घासले की साल निघे, तेव्हा वस्तादांनी त्याला काही महिने लढतींपेक्षा दमश्वास आणि तंत्रावर ठेवले. मनावर परिणाम होतो का हे आम्ही विचारले. बहुतेकांना होत नाही, चेहरा सुधारला की मन उलट हलके होते, पण क्वचित एखाद्याला उदासी येऊ शकते म्हणून झोप, भूक आणि बोलणे यांवर घरच्यांनी लक्ष ठेवावे आणि काही वेगळे जाणवले तर त्याच दिवशी कळवावे, असे उत्तर मिळाले. पत्नी रोज रात्री त्याच्याशी दहा मिनिटे बोलत असे आणि ती सवय औषध संपल्यावरही राहिली आहे.

माझ्या चुलत पुतणीलाही याच सुमारास मुरुमांचा त्रास होता, त्यामुळे मुलींबद्दल दोन गोष्टी नोंदवतो. गर्भावस्थेत आयसोट्रेटिनॉइन पोटात गेले तर बाळात गंभीर व्यंगे निर्माण होतात, म्हणून मुलींना आणि स्त्रियांना ते देताना गर्भधारणेच्या चाचण्या आणि गर्भनिरोधाची काटेकोर व्यवस्था लागते, ती औषध संपल्यानंतरही एक महिना पाळावी लागते, आणि हे बोलणे घरात कितीही अवघड वाटले तरी टाळता येत नाही. दुसरे म्हणजे मुरुमांसोबत पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएसची, म्हणजे संप्रेरकांच्या असमतोलाशी संबंधित अंडाशयाच्या विकाराची तपासणी करावी. पुतणीच्या बाबतीत तेच निघाले आणि तिचा उपचार पूर्ण वेगळ्या वाटेने गेला. मुलांनाही एक बंधन असते: हे औषध चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर रक्तदान करायचे नाही, कारण ते रक्त एखाद्या गरोदर स्त्रीला दिले जाऊ शकते.

औषधाच्या दुसऱ्या महिन्यात मुरुम एकदा उसळले, चौथ्या महिन्यापासून नवी गाठ आली नाही. पाठ सर्वांत शेवटी निवळली. गाठींच्या जागी उरलेले तपकिरी डाग हे आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत हमखास राहतात. ते खड्डे नसतात आणि सनस्क्रीन नेमाने लावले तर महिन्यांनी फिकट होतात. त्याचे बहुतेक गेले आहेत. कपाळाच्या एका कडेला दोन-तीन अजून दिसतात.

आयसोट्रेटिनॉइन संपून आता काही महिने झाले. रात्री अ‍ॅडापलीनचे जेल पुन्हा सुरू आहे आणि ते बराच काळ चालू ठेवायचे आहे, कारण विशीच्या सुरुवातीपर्यंत मुरुम पुन्हा डोके वर काढू शकतात. ते लावायची आठवण त्याला करावी लागत नाही. उजव्या गालावरच्या दोन खड्ड्यांसाठी सूक्ष्म सुयांचा उपचार करता येतो, मात्र नवे मुरुम निदान सहा महिने आलेले नसावेत, असे डॉक्टरबाईंचे मत आहे. मुलाने तूर्त नको म्हटले आहे, त्याला बोर्डाची परीक्षा आणि त्यानंतरची मैदाने दिसत आहेत. मागच्या भेटीत डॉक्टरबाईंनी माझ्याही गालांकडे पाहिले आणि इतक्या वर्षांनंतरही खोल, ओढलेले वण सुईने आतून सोडवून बरेच वर आणता येतात असे सांगितले. त्या उपचाराची तारीख मी उन्हाळ्यानंतरची घेतली आहे आणि सोबत मुलगा येणार आहे.